येशू ज्यू होता, मग ख्रिश्चन वेगळे नक्की कधी झाले?

कळवा_स्लो (शनिवार, रात्री ११:१२)

मंडळी एक प्रश्न आहे, थट्टा करू नका. कराडहून सासरे आलेत पंधरा दिवसांसाठी, रिटायर्ड शिक्षक, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो. काल संध्याकाळी टेंभी नाक्यावरून तलावपाळीकडे चालत निघालो तर वाटेत ते सिनेगॉग लागलं. मी ऐटीत सांगितलं की ज्यू लोकांचं प्रार्थनास्थळ आहे, १८७९ सालचं, आपल्याकडचे बेने इस्रायली. मग पुढे दहा मिनिटंही झाली नसतील तर सेंट जॉन चर्च आलं. अण्णा तिथेच उभे राहिले आणि म्हणाले, जावईबापू, मी तीस वर्षं पोरांना शिकवलं की येशू ख्रिस्त हे ख्रिस्ती धर्माचे संस्थापक, पण येशू तर ज्यू होता ना, मग त्याने नवीन धर्म काढायचं ठरवलं कधी, की ठरवलंच नव्हतं?

मी आईस्क्रीमचा विषय काढून वेळ मारून नेली. रात्री गूगल केलं तर एक जण म्हणतो ३३ साली, दुसरा म्हणतो ७० साली, तिसरा म्हणतो ३२५ साली. तीनशे वर्षांचा फरक म्हणजे काय चेष्टा आहे का. इथे कोणी वाचलेलं असेल तर सांगा, उद्या सकाळच्या चहाला अण्णा पुन्हा विचारणार हे नक्की.

तर्रीवाला_ठाणेकर (११:२६)

सोप्पं आहे. येशूने काही काढलं नाही, त्याच्यानंतर गावोगाव प्रचार करत फिरलेल्या पॉलने काढलं सगळं. येशू आयुष्यभर ज्यूच होता, पॉलने ते ग्रीक आणि रोमन लोकांना पटेल असं पॅक करून विकलं. मार्केटिंग. विषय संपला.

खारीगावकर (११:५८)

तर्रीवाले विषय एवढ्यात संपवू नका, अर्धं बरोबर आहे तुमचं म्हणून जास्त राग येतो 😄

आधी येशूबद्दल. गालीलातल्या नासरेथचा ज्यू, शब्बाथला सभास्थानात जाणारा, वल्हांडण सणाला यरुशलेमला जाणारा. (वल्हांडण हा शब्द मराठी बायबलात वाचला तेव्हा मला भारी वाटला होता, देवाचा दूत ज्यूंची घरं वलांडून गेला म्हणून वल्हांडण, आपल्याच बोलीतला वाटतो.) पंतय पिलात हा रोमन सुभेदार इ.स. २६ ते ३६ तिथे होता, त्याच्या काळात, साधारण ३० च्या आसपास, येशूला क्रुसावर दिलं. त्याच्या मागे राहिलेले लोकही सगळे ज्यू. ते यरुशलेमातच राहिले, मंदिरात जात राहिले, फक्त म्हणत होते की ज्या मसीहाची (देव पाठवणार असलेल्या तारणाऱ्याची) आपण वाट बघतोय तो आला होता आणि परत येणार आहे. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात त्यांच्या गटाला चक्क 'मार्ग' म्हटलंय. मराठीत आपण याला पंथ म्हणू, आणि पंथ या शब्दाचा मूळ अर्थही वाटच की. गळ्यात माळ घातली म्हणून वारकऱ्याचा धर्म बदलत नाही तसंच होतं ते. तेव्हाच्या ज्यूंमध्ये परूशी होते, सदूकी होते, एसेनी होते, त्यात हा अजून एक पंथ.

आता भांडण कुठे लागलं ते बघा. तत्त्वज्ञानावर नाही, जेवणावर लागलं.

अंत्युखिया म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं अंताक्या. तिथे या पंथात ज्यू नसलेले लोकही यायला लागले आणि सगळे एकत्र जेवायला बसायचे. येशूचा खास शिष्य पीटर (मराठी बायबलात पेत्र) तिथे आला, तोही मजेत त्यांच्या पंगतीत बसला. मग यरुशलेमहून येशूचा भाऊ याकोब याच्याकडची माणसं आली आणि पीटर हळूच उठून वेगळा बसायला लागला, त्याचं बघून बाकीचे ज्यू पण, अगदी पॉलचा जोडीदार बर्णबासुद्धा. पॉलने सगळ्यांसमोर पीटरला झापलं. हे पॉलने स्वतःच गलतीकरांना पाठवलेल्या पत्रात लिहून ठेवलंय, ऐकीव नाही. आपल्याकडे याला एक शब्द आहे, पंक्तिप्रपंच. ज्याच्या घरी लग्नात काका आणि मामा वेगळ्या पंगतीला बसलेत त्याला पॉलचं पत्र समजवायला लागत नाही.

म्हणजे प्रश्न असा होता की बाहेरचा माणूस येशूला मानतो तर त्याने आधी ज्यू व्हायचं का, सुंता करायची का, खाण्यापिण्याचे नियम पाळायचे का. यरुशलेमात साधारण ४९ साली बैठक झाली, त्यात ठरलं सुंता नको, पण मूर्तीपुढचा नैवेद्य नको, रक्त नको, गळा दाबून मारलेल्या प्राण्याचं मांस नको आणि व्यभिचार नको. तडजोड. कृत्यांच्या पुस्तकात ही बैठक अगदी सलोख्याची दिसते आणि पॉलच्या पत्रात तोच काळ बराच तापलेला दिसतो, मला पॉल जास्त खरा वाटतो कारण तो स्वतः भांडत होता.

आणि तर्रीवाले, पॉलने नवीन धर्म काढला म्हणता तर त्याच्या पत्रांमध्ये 'ख्रिस्ती' हा शब्द एकदाही नाही. अख्ख्या नव्या करारात (बायबलचा ख्रिश्चनांचा भाग) तीनदा आहे फक्त. उलट तो शेवटपर्यंत सांगतो मी बन्यामीन वंशाचा, आठव्या दिवशी सुंता झालेला. रोमकरांना पाठवलेल्या पत्रात त्याने कलमाचं उदाहरण दिलंय, इस्रायल म्हणजे लागवडीचं ऑलिव्ह आणि बाहेरून आलेले लोक म्हणजे रानटी ऑलिव्हची फांदी, ती या झाडावर बांधली. आपल्या कोकणातल्या माणसाला हे वाचून हसू येईल कारण आपण रायवळच्या रोपावर हापूसची काडी बांधतो आणि हा गृहस्थ हापूसवर रायवळ बांधतोय. पण तोच मुद्दा आहे, तो स्वतःच म्हणतो की हे निसर्गाच्या उलट आहे. झाड एकच, असं त्याचं म्हणणं. वेगळी बाग त्याने लावली नाही.

तर्रीवाला_ठाणेकर (रविवार, रात्री १२:०४)

बरं. पण सुंता नको, नियम नको म्हटल्यावर दारं उघडी टाकली की नाही? पुढे रायवळच्या फांद्या इतक्या वाढल्या की हापूस दिसेना. हेतू काही असू दे, परिणाम तोच.

खारीगावकर (१२:०९)

हे मान्य. परिणाम तोच.

कळवा_स्लो (१२:१५)

भारी माहिती. पण मग ७० साल कुठून आलं? आणि ३२५?

खारीगावकर (१२:४१)

७० म्हणजे मंदिर पडलं ते साल. ६६ साली ज्यूंनी रोमविरुद्ध बंड केलं, ७० साली रोमन सेनापती टायटसने यरुशलेम घेतलं आणि मंदिर जाळलं. रोममध्ये टायटसची कमान अजून उभी आहे, त्यावर मंदिरातली सात फाट्यांची समई उचलून नेणारे सैनिक कोरलेत. मंदिर गेलं म्हणजे यज्ञ गेले, पुरोहित गेले, सदूकींचं सगळं बळ मंदिरात होतं ते संपले. आणि येशूपंथाचं यरुशलेमचं मूळ घर पण खिळखिळं झालं. याकोबाला त्याच्या आधीच ६२ साली दगडांनी मारलं होतं, हे योसेफस नावाच्या ज्यू इतिहासकाराने लिहिलंय.

पण ७० नंतरची एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते आणि तिच्याबद्दल कोणी फार बोलत नाही. टॅक्स!! ज्यू माणूस आधी वर्षाला अर्धा शेकेल यरुशलेमच्या मंदिराला द्यायचा. सम्राट व्हेस्पासियनने सांगितलं मंदिर नाही ना आता, मग तेच दोन द्राख्मा रोममधल्या ज्युपिटरच्या देवळाला द्या, आणि पुरुषच नाही, बायकापोरांवर पण लावला. आता टॅक्स लावला की यादी आली, यादी आली की ज्यू कोण हे ठरवणं आलं. पुढे सम्राट डोमिशियनच्या काळात इतकी सक्ती की सुएटोनियस नावाचा रोमन लेखक लिहितो, मी तरुण पोर असताना भर कचेरीत एका नव्वद वर्षांच्या म्हाताऱ्याचे कपडे काढून सुंता झालीय का बघताना पाहिलंय. ९६ साली सम्राट नेर्व्हाने ही छळवणूक थांबवली आणि त्याचं नाणं पाडलं. आता विचार करा, सुंता न झालेला, येशूला मानणारा, ग्रीक बोलणारा माणूस त्या कारकुनासमोर काय सांगत असेल? मी ज्यू नाही. आणि ज्यू नाही म्हटलं की ज्यूंना जुन्या परंपरेचे म्हणून रोमने दिलेली सूट पण गेली, मग सम्राटाच्या मूर्तीपुढे धूप का घालत नाहीस याला उत्तर राहत नाही. ११२ च्या सुमाराला प्लिनी नावाचा सुभेदार सम्राट ट्रेजनला पत्र लिहून विचारतो की या ख्रिश्चनांचं काय करू, त्या पत्रात ज्यूंचा उल्लेखही नाही. म्हणजे तोवर सरकारदरबारी दोन वेगळी खाती झाली होती. घरातले अजून एकमेकांच्या दारात भांडत होते पण रेशनकार्ड वेगळं झालं होतं.

मग १३२ ते १३५ दुसरं मोठं बंड, बार कोखबाचं. रब्बी (म्हणजे ज्यू धर्मगुरू) अकिवासारख्या मोठ्या माणसाने त्याला मसीहा मानलं अशी परंपरा आहे. आता येशूवाल्यांचा मसीहा तर आधीच ठरलेला, ते या बंडात कसे उतरणार. बंड मोडल्यावर सम्राट हेड्रियनने ज्यूंना यरुशलेममध्ये पाऊल टाकायची बंदी केली, शहराचं नावच बदललं, एलिया कापितोलिना. चर्चचा जुना इतिहासकार युसेबियस सांगतो की तोवर यरुशलेमच्या चर्चचे सगळे बिशप ज्यू होते आणि त्यानंतर पहिल्यांदा बिगरज्यू आला. मला एकच साल निवडायला सांगितलं तर मी १३५ म्हणेन, पण पैज लावणार नाही.

३२५ चं उद्या लिहितो, झोप आलीय.

सत्यशोधक_घोडबंदर (१:०३)

कोणीच सांगत नाही की येशू क्रुसावर मेलाच नाही, काश्मीरला आला आणि

खारीगावकर (१:०५)

नको. प्लीज. त्याच्यासाठी वेगळा धागा काढा.

नवगाव_ते_ठाणे (सकाळी ८:३०)

नमस्कार, मी बेने इस्रायली, माहेर अलिबागकडचं, आता बरीच वर्षं ठाण्यात. घरातले बरेच जण इस्रायलला गेले, मी राहिले. खारीगावकरांनी चांगलं लिहिलंय पण एका गोष्टीवर मला बोलायचंय.

तुम्ही सगळे असं लिहिताय की ज्यू धर्म हे जुनं घर आणि ख्रिश्चन म्हणजे त्यातून बाहेर पडलेला मुलगा. आमच्याकडूनही सांगताना लोक असंच सांगतात. पण आज सिनेगॉगमध्ये जे चालतं ते येशूच्या काळातल्या मंदिरासारखं कुठे आहे? बकरं कापणं नाही, पुरोहित नाही. मंदिर पडल्यावर योहानान बेन झक्काई नावाचे रब्बी यावने गावी बसले, तिथून पुढे दोनशे वर्षांत रब्बींचा ज्यू धर्म उभा राहिला, मिश्ना, म्हणजे रब्बींच्या नियमांचा संग्रह, साधारण २०० साली लिहून झाली. म्हणजे मंदिर गेल्यावर आता कसं जगायचं याची दोन उत्तरं निघाली, एक रब्बींचं आणि एक येशूवाल्यांचं. आई आणि मुलगा म्हणण्यापेक्षा दोन भाऊ म्हणा. आई ७० साली गेली. आणि आई गेल्यावर भावांचं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे.

आमची गंमत अशी की आम्ही या दोन्ही भावांच्या भांडणापासून लांब होतो. आमच्या परंपरेप्रमाणे पूर्वजांचं गलबत नवगावला फुटलं, सात जोडपी वाचली, आणि ते सगळं येशूच्या आधीचं. खरंखोटं इतिहासकार बघतील, पण आमच्याकडे हनुका (ज्यूंचा नंतरच्या काळात सुरू झालेला दिव्यांचा सण) जुन्या काळी नव्हता, यावरून आमची जुनी माणसं सांगायची की आपण त्याच्या आधीच निघालो. तेल गाळायचो आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून शनवार तेली. (मसीहा म्हणजे तेलाने अभिषेक केलेला, त्याचंच ग्रीक भाषांतर ख्रिस्तोस. तेली म्हणून मला हे फार आवडतं.) मंदिर पडलं त्या दिवसाचा उपास आम्ही बिरड्याचा रोजा म्हणायचो, कारण उपास सुटल्यावर वालाचं बिरडं. आजी तर सिनेगॉगला मशीदच म्हणायची, आमच्यात तोच शब्द होता.

आणि अजून एक उलटा प्रकार. आम्हाला हिब्रू परत नीट शिकवलं त्यात ख्रिश्चन मिशनऱ्यांचा मोठा हात. जॉन विल्सन नावाच्या स्कॉटिश मिशनऱ्याने मुंबईत १८३२ साली मराठीतून हिब्रू व्याकरण काढलं. त्यांना वाटलं असणार की जुना करार वाचतील मग नवा करार वाचतील. आमच्या लोकांनी हिब्रू शिकून घेतलं, धन्यवाद म्हटलं आणि बहुतेक सगळे ज्यूच राहिले 🙂

एक कळकळीने सांगते. ज्यूंनी येशूला मारलं हे वाक्य कोणी चहाला बोललं तर थांबवा. क्रूस ही रोमन शिक्षा, हुकूम पिलातचा. नंतर लिहिलेल्या गॉस्पेलमध्ये (येशूच्या चरित्राची पुस्तकं), विशेषतः योहानच्या, 'ज्यू' 'ज्यू' असं जे येतं ते मुळात एका ज्यूने दुसऱ्या ज्यूशी केलेलं भांडण होतं. घरातल्या माणसाने घरात दिलेली शिवी शेजाऱ्याने पाठ केली की तिचा अर्थ बदलतो, आणि युरोपात तेच झालं. कोकणात आमच्या वाट्याला ते कधी आलं नाही.

चेंदणीची_पोर (९:१०)

ताई किती छान लिहिलंत. मी कॅथलिक, सेंट जॉनच आमचं. तुमच्या शेवटच्या मुद्द्यावर, आमच्या चर्चने १९६५ साली व्हॅटिकन परिषदेत अधिकृत सांगितलं की येशूच्या मरणाचा दोष तेव्हाच्या सगळ्या ज्यूंवर किंवा आजच्या ज्यूंवर टाकता येणार नाही. फार उशीर झाला हे कबूल.

३२५ चं मी सांगते कारण ते ईस्टरचं आहे. आमच्याकडे पास्काची मेणबत्ती म्हणतात ना, तो पास्का शब्द म्हणजे ज्यूंचा पेसाह, वल्हांडणच. सुरुवातीला आशिया मायनरमधले ख्रिश्चन ज्यूंच्या तारखेलाच, निसान महिन्याच्या १४ ला पाळायचे, आणि रोमवाले म्हणायचे रविवारीच पाहिजे. साधारण १५५ साली स्मर्नाचे बिशप पॉलिकार्प रोमला जाऊन पोप अनिसेटसना भेटले, दोघांचं पटलं नाही पण एकत्र मिस्सा करून प्रेमाने निरोप घेतला. नंतर पोप व्हिक्टर आले ते म्हणाले बहिष्कारच टाकतो. आणि ३२५ ला निकियाच्या परिषदेत ठरलं की ज्यूंच्या पंचांगावर अवलंबून राहायचं नाही. आपल्याकडे एकादशी स्मार्त की भागवत यावर घराघरात दोन मतं असतात, तसं समजा, फक्त इथे सम्राट कॉन्स्टंटाइन मध्ये पडला.

अजून एक भारी उदाहरण, उपासाचं. दिदाखे नावाचं अगदी जुनं पुस्तक आहे, पहिल्या शतकाच्या शेवटाचं किंवा थोडं पुढचं. त्यात लिहिलंय की ते ढोंगी लोक (म्हणजे ज्यू) सोमवारी आणि गुरुवारी उपास करतात, तुम्ही बुधवारी आणि शुक्रवारी करा. बस्स! कारण वगैरे काही नाही, फक्त वार वेगळा पाहिजे. मी हे आमच्या सोसायटीतल्या काकूंना सांगितलं तर त्या म्हणाल्या म्हणजे आमच्या दोन्ही जावांसारखं.

पण हे सगळं वरच्या लोकांचं हां. साधी माणसं ऐकत नव्हती. ३८६ साली त्याच अंत्युखियात, जिथे पीटरची पंगत झाली, जॉन क्रिसोस्तोम नावाचा धर्मगुरू प्रवचनांवर प्रवचनं देतोय आणि तक्रार काय, तर आपले ख्रिश्चन सणाला सिनेगॉगमध्ये जातात, त्यांचं शिंग वाजतं ते ऐकायला जातात, शपथ घ्यायची तर तिथे जाऊन घेतात. भाषा फार घाणेरडी वापरलीय त्याने ज्यूंबद्दल, वाचवत नाही. पण त्याला एवढं ओरडायला लागलं याचाच अर्थ लोक जात होते.

खारीगावकर (९:४४)

चेंदणीताई माझं काम वाचवलंत. यात एकच भर, सीरियात दुरा युरोपोस म्हणून गाव सापडलं, २५६ च्या सुमाराला पर्शियन वेढ्यात पडलेलं. तटाला भक्कम करायला लगतच्या घरांत माती भरली होती म्हणून सगळं जसंच्या तसं टिकलं. त्यात तटालगतच्या एकाच रस्त्यावर ज्यूंचं सिनेगॉग आणि ख्रिश्चनांचं प्रार्थनेचं घर, दोन्ही भिंतींवर चित्रं काढलेली, आणि दोन्हीकडे दावीद आहे. अण्णांना सांगा तुम्ही काल चाललात तसा रस्ता १८०० वर्षांपूर्वी पण होता.

तर्रीवाला_ठाणेकर (९:५१)

मी मार्केटिंग हा शब्द मागे घेतो. पॉल मात्र मागे घेत नाही.

नवगाव_ते_ठाणे (१०:२०)

चेंदणीची पोर, तुमचं चर्च सेंट जॉन म्हणजे बाप्तिस्मा देणारा योहान ना? मग एक गंमत सांगते. जुन्या करारातल्या मलाखीच्या पुस्तकात शेवटी आहे की तो मोठा दिवस यायच्या आधी एलिया संदेष्टा येईल. तुमच्या मत्तयच्या गॉस्पेलमध्ये येशू म्हणतो, मान्य करायचं असेल तर हा योहानच तो एलिया. म्हणजे तुमच्यासाठी तो येऊन गेला, त्याच्या नावाने तलावपाळीला चर्च आहे. आणि आमच्या बेने इस्रायलींचा सगळ्यात लाडका कोण, तर एलियाहू हन्नाबी, म्हणजे तोच एलिया संदेष्टा. घरात काही चांगलं झालं, नवस फेडायचा असला, लग्नाआधी, आम्ही त्याच्या नावाने मलिदा करतो, भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वर फळं, आणि त्याचं गाणं म्हणतो. सुंतेच्या वेळी त्याची खुर्ची रिकामी ठेवतात. आम्ही अजून वाट बघतोय.

चेंदणीची_पोर (१०:२६)

अय्या!! इतकी वर्षं त्या चर्चमध्ये जातेय, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

कळवा_स्लो (११:३५)

चहाला सगळं वाचून दाखवलं. अण्णांनी मध्येच थांबवून वहीत लिहून घेतलं, टॅक्सचं त्यांना सगळ्यात आवडलं. पुस्तकात 'संस्थापक' छापलंय त्याचं काय करायचं यावर अजून विचार चाललाय. आणि त्यांनी एक विचारायला सांगितलंय, लाजत लाजत, मलिदा बाहेरच्या माणसाला मिळतो का?

नवगाव_ते_ठाणे (११:४०)

मिळतो की. अण्णा किती दिवस आहेत अजून? पुढच्या आठवड्यात भाचीचं लग्न आहे, मला मेसेज करा. आणि आमच्यात सगळे एकाच पंगतीत बसतात.